पाणी, पक्षी आणि तिकिटाचा हिशोब

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या काठावरल्या एका गावात आज मी बैठकीला बसले होते. वनखात्याची माणसं, पाटबंधारेवाले, मासेमार, शेतकरी, गाईड पोरं, सगळे एकाच सतरंजीवर.

गोदावरी-कादवाच्या संगमावर बंधारा झाला, मागे गाळ साचून बेटं तयार झाली आणि पक्षी आले. पाण्याची पातळी उतरली की उथळ चिखल उघडा पडतो, तिथे शेकाटे, चमचे असे पक्षी चरायला उतरतात. पण तेच पाणी आवर्तनाला, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळीला, शेतकऱ्याला हवं, आणि मासेमाराला ते टिकायला हवं.

एका काकांनी सरळच विचारलं, "ताई, तुमचे पाहुणे हिवाळ्यात येतात, आमची चूल बारा महिने पेटते. तिकिटाच्या पैशात गावाचा वाटा किती?" त्यांच्याच भावकीतला गाईड पोरगा मान खाली घालून दुर्बीण पुसत राहिला. मला मात्र हा प्रश्न सगळ्यांसमोर आला याचं फार बरं वाटलं. २०२० साली रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असल्याचा मान, जाहीर झाला, राज्यात पहिला, याचा अभिमान आहेच हो! पण काठावरच्या घराला त्यातून काय मिळालं, हे विचारायलाच हवं.

पुढची बैठक मासेमारांच्या वस्तीवर. पाटबंधारेवाले आवर्तनाचं वेळापत्रक घेऊन येणार आहेत.