तिसरी वही: चुकलेल्या पर्यायांचा हिशेब

‘कौन बनेगा करोडपती’चे प्रश्न उतरवण्याची आमच्या मंडळींची तिसरी वही पोळ्याच्या आदल्या आठवड्यात भरली. दोनशे पानांची ही लांब वही भरायला पावणेदोन वर्षे लागली, आणि तिच्यातील कामाची पद्धत आधीच्या दोन वह्यांपेक्षा इतकी वेगळी होती, की ती इतर प्रश्नमंजूषाप्रेमींपुढे सविस्तर मांडावी असे वाटले.

आम्ही पाच जण आहोत. सेवानिवृत्त गुरुजी आणि काकू, अंगणवाडीच्या ताई, तलाठी भरतीची तयारी करणारा एक तरुण, आणि संत्र्याची बाग व थोडी कपाशी सांभाळणारा मी. आमचे गाव अमरावती जिल्ह्यात, पानमळ्यांच्या आणि पानपिंपळीच्या पट्ट्यात आहे. रात्री जेवणे उरकली, की आम्ही गुरुजींच्या ओसरीवर जमतो आणि ‘कौन बनेगा करोडपती’ बघतो; मराठी ‘कोण होणार करोडपती’चे पर्व सुरू असले, की तेही बघतो. वीज गेली तर राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बघून वहीत उतरवतो. एकही प्रश्न सोडायचा नाही, हा आमचा पहिला नियम आहे.

वही सुरू झाली 2019 मध्ये. त्या वर्षी अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी 1 कोटी रुपये जिंकले. तोवर आम्ही हा कार्यक्रम लांबचा म्हणून बघत होतो. ज्या बाजारात आपण भाजी घेतो, त्याच बाजारातील एक बाई हॉट सीटवर बसून पंधराव्या प्रश्नापर्यंत शांतपणे पोहोचली, हे पाहिल्यावर काकूंनी त्याच रात्री कपाटातून एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख घातली.

पहिल्या वहीत फक्त प्रश्न आणि उत्तर अशा दोनच ओळी होत्या. ती पाठ करून आमचा फारसा फायदा झाला नाही, कारण तोच प्रश्न त्याच शब्दांत क्वचितच परत येतो. दुसऱ्या वहीत आम्ही विषयवार भाग पाडले, पण अर्धे प्रश्न कोणत्या विषयात घालावेत यावरच वाद होऊ लागले. तिसऱ्या वहीत आम्ही पाच रकाने आखले: प्रश्न, आपण लॉक केलेला पर्याय, तो का निवडला, बाकीचे तीन का चूक, आणि पडताळणी कुठे केली. यातील चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरला. तो भरल्याशिवाय त्या प्रश्नाखाली रेघ मारायची नाही, असे गुरुजींनी ठरवून दिले.

या रकान्याचे बळ आम्हाला बबिताताईंच्याच 1 कोटीच्या प्रश्नावर कळले. बहादुरशाह जफरच्या दरबारातील कोणत्या कवीने 1857 च्या उठावाचा स्वतःचा अनुभव ‘दास्तान-ए-गदर’ या नावाने लिहिला, असा तो प्रश्न होता आणि उत्तर होते जहीर देहलवी. हे नाव आमच्यापैकी कोणीही ऐकलेले नव्हते. पहिल्या वहीत ते नुसते उतरवले होते. तिसऱ्या वहीत तोच प्रश्न पुन्हा घेतला आणि दिल्लीच्या उर्दू कवींची नावे एकेक करून तपासली. जौक हे जफरचे उस्ताद, पण ते 1854 मध्येच वारले, म्हणजे 1857 ची हकिगत त्यांच्या हातून लिहिली जाणे शक्य नाही. गालिब त्या काळात दिल्लीतच होते आणि त्यांनीही त्या दिवसांवर लिहिले, पण त्यांची ती नोंद फारसीत आहे आणि तिचे नाव ‘दस्तंबू’ आहे. मीर तकी मीर तर 1810 मध्येच गेले होते. अशा रीतीने केवळ मृत्यूची सालेच दोन मोठी नावे बाजूला काढतात. त्या दिवसापासून आम्ही थोर व्यक्तींच्या जन्मसालापेक्षा मृत्यूसालाला जास्त मान देतो, आणि याचा उपयोग इतिहासाच्या प्रश्नांत सातत्याने होत आला आहे.

सुशीलकुमार यांनी 2011 मध्ये 5 कोटी रुपये जिंकले, तो प्रश्नही आम्ही याच रीतीने सोडवून पाहिला. निकोबार बेटांवरील हक्क 16 ऑक्टोबर 1868 रोजी ब्रिटिशांना विकून कोणत्या वसाहतवादी सत्तेने भारतातील आपला कारभार संपवला, हा तो प्रश्न. ‘कारभार संपवला’ या दोन शब्दांवर तरुणाने बोट ठेवले. फ्रेंच पुदुच्चेरीत 1954 पर्यंत होते आणि पोर्तुगीज गोव्यात 1961 पर्यंत, त्यामुळे 1868 मध्ये कारभार संपवणारे हे दोघेही असू शकत नाहीत. डेन्मार्कने त्रांकेबार आणि सेरामपूर ही ठाणी 1845 मध्येच ब्रिटिशांना विकलेली होती, निकोबार तेवढे उरले होते. उत्तर डेन्मार्क. नुसत्या पाठांतराने हे उत्तर आम्ही चार महिन्यांत विसरलो असतो. आता ते विसरणे अवघड आहे.

आता एका अपयशाची नोंद. हर्षवर्धन नवाथे 2000 मध्ये पहिले करोडपती झाले, तेव्हाचा शेवटचा प्रश्न संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना कोणाला देते, असा होता. उत्तर: भारताचा महान्यायवादी, म्हणजे अटर्नी जनरल. अनुच्छेद 88 प्रमाणे त्याला दोन्ही सभागृहांत बोलता येते, पण मतदान करता येत नाही. हा प्रश्न आमच्या वहीत होता. तरीही गणेशोत्सवातील तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या तरुणाने याच प्रश्नाला ‘महाधिवक्ता’ असे उत्तर दिले आणि तो बाद झाला. बसस्थानकावरून घेतलेल्या एका सामान्यज्ञानाच्या पुस्तकात तसे छापलेले होते आणि त्याने आमच्या वहीपेक्षा छापील अक्षरावर विश्वास ठेवला. महाधिवक्ता हा राज्याचा, अनुच्छेद 165 मधला, आणि त्याला बोलण्याचा हक्क आहे तो राज्याच्या विधिमंडळात. आमचा तरुण दोन दिवस ओसरीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने वहीत महान्यायवादी, महाधिवक्ता, सॉलिसिटर जनरल आणि महालेखापरीक्षक अशी चार घरे आखली आणि प्रत्येकासमोर अनुच्छेद लिहिला. सॉलिसिटर जनरलचे घर त्याने रिकामे ठेवले, कारण राज्यघटनेत त्या पदाचा उल्लेखच नाही. ते रिकामे घर मला वहीतील सर्वांत चांगली नोंद वाटते.

सर्वांत जास्त वेळ मात्र आमच्याच मातीतील एका प्रश्नाने घेतला. भारताचे पहिले कृषिमंत्री कोण? वऱ्हाडात कोणालाही झोपेतून उठवून विचारले तरी तो भाऊसाहेब पंजाबराव देशमुख हेच नाव सांगेल. ताईंनीही तेच सांगितले आणि आम्ही तिघांनी माना डोलावल्या. गुरुजींनी मात्र चौथा रकाना भरण्याचा आग्रह धरला. 15 ऑगस्ट 1947 च्या मंत्रिमंडळात अन्न व कृषी खाते राजेंद्रप्रसाद यांच्याकडे होते. त्यांच्यानंतर जयरामदास दौलतराम आणि मग कन्हैयालाल मुनशी आले. भाऊसाहेब कृषिमंत्री झाले ते पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, 1952 मध्ये, आणि पुढे 1962 पर्यंत त्या पदावर राहिले. गुरुजींनी लाल पेनाने जुने उत्तर खोडायला घेतले तेव्हा काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “भाऊसायबाचं नाव काहून खोडता तुम्ही? त्याहीनं केलं ते काय कमी हाये?”

त्यावर तीन रात्री चर्चा झाली आणि ती ओळ तीनदा लिहिली गेली. काकूंचे म्हणणे भावनेचे होते, पण त्यात तथ्यही होते, कारण पहिलेपणाचा किताब काढून घेतला म्हणून दहा वर्षांचे काम पुसले जात नाही. शेवटी आम्ही दोन स्वतंत्र नोंदी केल्या. पहिली, स्वतंत्र भारताचे पहिले अन्न व कृषिमंत्री राजेंद्रप्रसाद. दुसरी भाऊसाहेबांची: जन्म पापळ, 1898, अमरावतीच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक, केंद्रात कृषिमंत्री 1952 ते 1962, अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाचे. दुसरी नोंद पहिलीपेक्षा लांब आहे, याचे काकूंना समाधान वाटले.

आपुलकीने होणारी अशीच चूक आम्ही बबिताताईंच्या 7 कोटींच्या प्रश्नावरही केली होती, आणि ती उशिरा लक्षात आली. कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले, असा तो प्रश्न होता. त्या रात्री आमच्या ओसरीवर ‘राजस्थान’ लॉक झाले होते, कारण प्रतिभाताई पाटील अमरावतीच्या खासदार होत्या आणि त्या राजस्थानच्या राज्यपाल होऊन पुढे राष्ट्रपती झाल्या, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बबिताताईंनी तिथे खेळ सोडला. योग्य उत्तर बिहार होते. झाकिर हुसेन आणि रामनाथ कोविंद हे दोघे बिहारचे राज्यपाल होते. व्ही. व्ही. गिरी उत्तर प्रदेश, केरळ आणि म्हैसूरचे. शंकरदयाळ शर्मा आंध्र प्रदेश, पंजाब आणि महाराष्ट्राचे. बाकी प्रत्येक राज्याच्या नावावर एकच जण पडतो.

या प्रश्नामुळे वहीच्या शेवटी ‘मुदतीची उत्तरे’ असा नवा विभाग निघाला. 2022 मध्ये झारखंडच्या माजी राज्यपाल द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या, तेव्हा ही यादी पुन्हा मोजावी लागली. उत्तर बदलले नाही, पण बदलू शकले असते. बुलढाण्याच्या लोणार सरोवराचेही तसेच. ते 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले, पण महाराष्ट्रातील पहिले ठिकाण त्याच्या आधी गेलेले नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर आहे, आणि 2022 मध्ये ठाणे खाडीची भर पडल्यावर ‘महाराष्ट्रात रामसर स्थळे किती’ याचे जुने उत्तर बाद झाले. अशा प्रत्येक उत्तरापुढे आम्ही आता पेन्सिलीने साल लिहितो.

सध्याची प्रगती अशी, की 2019 च्या बक्षिसांच्या शिडीप्रमाणे धरले तर 3,20,000 च्या टप्प्यापर्यंत आम्ही बहुतेक वेळा पाचही जण एकमताने पोहोचतो. 12,50,000 च्या पुढे अजून अडखळतो, विशेषतः खेळ आणि चित्रपटसंगीत या विषयांत, कारण त्यांची पडताळणी करायला तालुक्याच्या वाचनालयात पुरेशी पुस्तके नाहीत. तरुणाने खेळांची जबाबदारी घेतली आहे. चित्रपटसंगीत काकूंकडे आहे. त्यांना गाणी पाठ आहेत, संगीतकारांची नावे मात्र अजून लिहून काढायची आहेत.

चौथी वही कपाशीची पहिली वेचणी झाल्यावर सुरू होईल. तिच्यात सहावा रकाना आखला आहे, प्रश्नातील नेमका कोणता शब्द उत्तर ठरवतो याचा. निकोबारच्या ओळीत तिथे ‘संपवला’ हा शब्द आधीच लिहून ठेवला आहे.