मुन्नारच्या शोलात (डोंगरातल्या दाट सदाहरित जंगलात) पक्षी कॅमेऱ्यात टिपायचे असतील तर जीपचं पॅकेज घेऊ नका

सोलापूरच्या बर्डिंगवाल्यांनो, दिवाळीनंतर मुन्नारला निघायच्या आधी एवढं वाचा. तिथं 'बर्ड फोटोग्राफी पॅकेज' म्हणून जीप विकतात, अजिबात घेऊ नका. आमच्याकडून आख्ख्या दिवसाचे पैसे आधीच घेतले, पहाटे निघायचं ठरलेलं आणि गाडी आली साडेआठला, मग चहाचे मळे, मग व्ह्यूपॉईंट, मग मसाल्याचं दुकान, पांबाडुम शोला या राष्ट्रीय उद्यानात पोचलो तोवर पक्षी गप्प झालेले आणि ढग असा उतरला की समोरचं झाड दिसेना. वर थांबायचे तासाला जादा पैसे मागितले! अजून डोकं तापतंय.

दुसऱ्या दिवशी मुन्नारहून वट्टवड्याकडं जाणारी बस धरली. ती त्याच जंगलातून जाते, भाडं जीपपुढं काहीच नाही. वेळ आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा, आणि चेकपोस्टवर विचारल्याशिवाय रस्त्यावर फिरू नका, गवे-हत्ती असतात.

'दिवाळीत आभाळ मोकळं असतं' असंही जीपवाल्यानं सांगितलं होतं. साफ खोटं. आपल्याकडं पाऊस संपला तरी तिकडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस असतो. दमट इतकं की कडक भाकरी एका रात्रीत मऊ पडली, मग लेन्सचं काय होत असेल बघा. सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) पुड्या न्याच, आणि बाहेरच्या गारठ्यातून उबदार रूममध्ये आल्यावर कॅमेरा थोडा वेळ बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते.

आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचं कॅमेऱ्याचं सेटिंग इथं चालत नाही. तिकडं भरपूर उजेडात १/२००० सेकंद शटर स्पीड आरामात मिळतं, इथं सकाळी १० ला पण १/१२५ आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० वर काम करावं लागलं. फ्लॅश नको, धुक्याचे थेंबच चमकतात. लांबचा पक्षी सोडून द्या, ६०० एमएमच्या लेन्सनं पण धुकंच येतं. ब्लॅक-अँड-ऑरेंज फ्लायकॅचर झुडपात खालीच बसतो आणि फिरून त्याच फांदीवर येतो, तिथंच थांबा. मला डोळ्यात चमक असलेला फोटो मिळाला, अंगावर काटा आला राव! शोलाकिळी (शोलातला छोटा निळसर पक्षी) मात्र क्षणभर दिसते, बर्स्ट (एकापाठोपाठ भराभर फोटो) तयार ठेवा.

एराविकुलम नॅशनल पार्कला ताहर (डोंगरी रानबकरे) छान दिसले, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्या पिल्लांमुळं पार्क बंद असतं, चौकशी करूनच जा. जळवांपासून वाचवणारे मोजे घ्या.

आणि गाईडनं मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावला तर तिथंच बंद करायला सांगा, पक्षी आपली हद्द राखायला धावून येतो आणि चरायचं सोडून दमतो, असला फोटो आपल्याला नको.