एका ‘बट’ची हरकत

ज्यांना स्पर्धा परीक्षेच्या पहिल्या उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची आहे त्यांच्यासाठी लिहितेय. शुल्क भरणं, लॉगिन, प्रश्नक्रमांक निवडणं, यात काही अवघड नाही, ते तुमचं तुम्हाला जमेल. अडतं ते पुढे.

प्रश्न होता इंग्रजीचा, एका गुणाचा. ‘ही इज बट अ चाइल्ड’ या वाक्यात ‘बट’ची शब्दजाती कोणती? पर्याय चार: कंजंक्शन (उभयान्वयी अव्यय), प्रिपोझिशन (आपल्या शब्दयोगी अव्ययासारखं), ॲडव्हर्ब (क्रियाविशेषण), रिलेटिव्ह प्रोनाउन (संबंधी सर्वनाम). पहिल्या उत्तरतालिकेत उत्तर आलं कंजंक्शन. म्हणजे ‘बट’ दिसला की उभयान्वयी अव्यय, हे शाळेतलं पाठांतर थेट तालिकेत जाऊन बसलं. अहो, पण उभयान्वयी म्हणायला ते दोन गोष्टी जोडायला नकोत का? ‘ही इज पुअर बट ऑनेस्ट’ मध्ये जोडतं, मान्य. इथे जोडणार काय? ‘तो आहे’ आणि ‘मूल’?

इंग्रजीत शब्दाच्या कपाळावर त्याची जात लिहिलेली नसते, वाक्यात तो काय काम करतो त्यावरून ती ठरते. ‘बट’च्या जागी ‘ओन्ली’ घालून वाक्य टिकलं तर ॲडव्हर्ब. ‘एक्सेप्ट’ घालून टिकलं तर प्रिपोझिशन, जसं ‘एव्हरीवन बट हिम’. ‘देअर इज नो वन बट लाइक्स हिम’ मध्ये त्याचा अर्थ ‘ज्याला आवडत नाही असा’ होतो, तिथे रिलेटिव्ह प्रोनाउन. आणि ‘बट मी नो बट्स’ मध्ये पहिला ‘बट’ क्रियापद, दुसरा नाम. ‘राउंड’चंही तसंच: राउंड टेबल, फर्स्ट राउंड, टर्न्ड राउंड, राउंड द कॉर्नर, द शिप राउंडेड द केप. पाच प्रयोग, पाच जाती. आपल्याकडे ‘तो मागे बसला’ आणि ‘घरामागे’ यांत तोच ‘मागे’ आधी क्रियाविशेषण आणि मग शब्दयोगी होतो, पण मराठीत तो नामाला चिकटून लिहितात म्हणून डोळ्यांना कळतं. इंग्रजी तेवढीही मदत करत नाही.

हे सगळं मला फॉर्ममध्ये लिहायचं होतं. इथेच घोडं पेंड खायला लागलं.

‘स्पष्टीकरण’ नावाच्या चौकटीला अक्षरमर्यादा होती. मराठीत टाइप केलं तर ती मर्यादा बघता बघता संपते, कारण ते यंत्र वेलांटी, मात्रा, काना, पाय मोडायची खूण, सगळं वेगळं मोजतं. ‘क्रियाविशेषण’ हा आपल्या लेखी सहा अक्षरांचा शब्द. तिथे बारा. मी आधी मोठ्या उत्साहाने जुन्या इंग्रजीपासून सुरुवात केली होती: तेव्हा ‘प्रेम’ हे नाम ‘लुफू’ आणि ‘प्रेम करणे’ हे क्रियापद ‘लुफिअन’, पुढे शब्दांच्या शेपट्या झडल्या आणि दोन्हीचं ‘लव्ह’ झालं, म्हणून रूपावरून जात सांगता येत नाही. सगळं खोडलं. शेवटी उरलं एवढंच: ‘येथे बट = ओन्ली. क्रियाविशेषण. पर्याय ३ ग्राह्य धरावा.’ वाचणाऱ्यालाही तेवढंच लागत असणार म्हणा, पण माझा जीव खोडताना तुटला.

मग ‘संदर्भ’. क्लासच्या नोट्स चालत नाहीत, गाइड चालत नाही. प्रमाण ग्रंथाचं नाव, आवृत्ती, पान, आणि त्या पानाची पीडीएफ. रेन आणि मार्टिनच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात एकच शब्द वेगवेगळ्या शब्दजातींत कसा येतो याचं स्वतंत्र प्रकरणच आहे, त्यात ‘बट’ आहे. पण अभ्यासिकेतल्या प्रतीला सुरुवातीची पानंच नाहीत, म्हणजे आवृत्ती कुठून लिहिणार? रूममेटकडे ऑक्सफर्डचा शब्दकोश होता, त्यात ‘बट’च्या नोंदीत ॲडव्हर्ब हा वेगळा भाग आणि अर्थ ‘ओन्ली’. तो घेऊन झेरॉक्सवाल्या दादांकडे गेले. जाड पुस्तक, मधोमध दाबलं की ओळी वाकड्या, सोडलं की दादांच्या अंगठ्याची सावली नेमकी ‘ॲडव्हर्ब’वर. “ताई, तुम्ही दाबून धरा, मी क्लिक करतो.” फाइल झाली, तर आकार मर्यादेबाहेर. लहान केली, तर अक्षरं धूसर. शेवटी दादांनी रंग काढून काळी-पांढरी केली, तेव्हा कुठे बसली. तोवर पोर्टलने मला लॉगआउट केलं होतं आणि खोडून-खोडून छोटं केलेलं स्पष्टीकरण गायब. तिथे कुठलंही ‘जतन करा’ बटण नाही. म्हणून मजकूर आधी मोबाइलच्या नोंदवहीत लिहा, मग चिकटवा. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर त्याला चहा पाजला असता.

सांगायचं राहिलं: हरकतीचा प्रकार निवडताना ‘उत्तर चुकीचे’ आणि ‘प्रश्न चुकीचा’ असे दोन वेगळे पर्याय येतात. नीट बघा. आमचा प्रश्न अगदी बरोबर होता, उत्तर चुकीचं होतं. आणि शब्दकोशाचं मुखपृष्ठ व प्रकाशनाचं पान त्याच फाइलमध्ये जोडा, वेगळी फाइल घेत नाहीत.

अंतिम उत्तरतालिका आली. प्रश्न रद्द.

कारण दिलेलं नाही, देत नाहीत. म्हणजे ज्यांनी बरोबर उत्तर लिहिलं त्यांचा गुण गेला, ज्यांनी कंजंक्शन लिहिलं त्यांचाही गेला, आणि ज्यांनी सोडून दिला ते मजेत. आमच्या मेसमध्ये त्या रात्री यावर जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तरी माझं म्हणणं, हरकत घ्याच. निदान कंजंक्शनचा गुण फुकट वाटला गेला नाही, आणि कटऑफच्या काठावर बसलेल्यांना तेवढंही पुष्कळ असतं.

पावतीचं पान मात्र तिथल्या तिथे उतरवून घ्या. पुन्हा लॉगिन केल्यावर ते मला दिसलं नाही.