सुर्लाच्या सड्यावर, ऐन वैशाखात

पावसाळ्यात चोर्ला घाटात गाडी लावायला जागा मिळत नाही. धबधबा दिसला की लोक उतरतात, भिजतात, फोटो काढतात आणि परततात. मला विचाराल तर सह्याद्री बघावा तो वैशाखात. गवत वाळून कातळ उघडा पडतो आणि एवढ्या थोरल्या डोंगराकडे मे महिन्यात पाणी किती थोडं उरतं, ते दिसतं. आत्या पणजीला आमच्याकडे राहायला आली तेव्हा मीच हट्ट धरला, की चोर्ला घाटाजवळच्या सुर्ला गावाला जायचंच.

आत्या सदुसष्ट वर्षांची, साताऱ्याची. साठी उलटल्यावर कळसूबाई चढून आलेली, म्हणजे १६४६ मीटर. त्यामुळे आमचे गोव्याचे डोंगर, जे जेमतेम हजार मीटरच्या वर जातात, तिला काही भारी वाटणार नव्हते. पण संध्याकाळी मांडवीच्या काठाने फिरताना ती म्हणाली होती, "एवढं पाणी येतं कुठनं, ते दाखव की मला."

साखळी, केरी, मग घाट. उजाडता उजाडता सुर्लात पोचलो. वाटाडे गावातलेच, साठीच्या आसपासचे, पायात रबरी चप्पल, हातात कोयता. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. निघण्याआधी त्यांनी विचारलं ते एवढंच, "काडेपेटी, लायटर काय आसा?" मार्च २०२३ मध्ये म्हादई (मांडवीचंच वरच्या अंगाचं नाव) अभयारण्यात वणवे लागले, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं वरून पाणी ओतत होती आणि खाली काकांसारखे गावकरी हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होते. तेव्हापासून, म्हणाले, माणसापेक्षा त्याच्या खिशाची भीती वाटते.

सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं पठार, ओलांडेपर्यंतची चाल सुखाची. करवंदं, जांभळं, चुन्नां, जे हाताला लागेल ते खात गेलो. एक शेकरू आमच्या डोक्यावरून दोन झाडं पलीकडे गेलं. ऊन चढलं तसा जांभा तापायला लागला.

माथ्याच्या चढाआधी काका वाट सोडून उतारात शिरले आणि आम्हाला झऱ्यापाशी घेऊन गेले. झरा म्हणजे हातभर लांबरुंद खड्डा, कडेने दगड रचलेले, तळाशी नखाएवढा खेकडा. वरचा सच्छिद्र जांभा पावसाळ्यात पाणी पिऊन ठेवतो आणि खालच्या घट्ट थरापाशी ते उन्हाळाभर पाझरत राहतं. दगडाच्या फटीतून येणारी धार करंगळीएवढीसुद्धा नव्हती. भोवतीच्या ओल्या मातीत गव्यांच्या खुरांचे ठसे होते, मोठे आणि त्यांच्या शेजारी लहान. काकांनी कुंभ्याच्या पानाचा द्रोण करून आत्याच्या हातात दिला. तेवढंच प्यायचं, बाटल्या भरायच्या नाहीत, असंही सांगितलं.

आम्ही सावलीत टेकलो आणि वरून आरडाओरडा ऐकू आला. एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली पंचवीस-तीस मुलं, कुठल्याशा ट्रेकिंगवाल्यांबरोबर आलेली. एकाच्या पाठीवर स्पीकर. त्यांच्या म्होरक्याला ही जागा मोबाइलवर सापडली होती. बघता बघता बाटल्या बुडल्या, कुणी डोक्यावर पाणी ओतून घेतलं, आणि एकीने ट्यूब काढून तोंडाला फेसवॉश लावला. काका उठून एवढंच म्हणाले, "बाय, हें पियेवपाचें उदक." ती "सॉरी अंकल" म्हणाली आणि राहिलेला फेसही तिथंच धुतला. संताप आला तो मला मुलांपेक्षा म्होरक्याचा. माणशी पैसे घेऊन लोकांना डोंगरावर आणतो, आणि मेमध्ये झऱ्याशी कसं वागायचं एवढंही तो त्यांना शिकवत नाही? मी त्याला बोलले. त्याने हसून घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना पुढे हाकललं.

मागे राहिला तो गढूळ, फेसाळ खड्डा. काका वाकले आणि द्रोणाने ते पाणी उपसून लांब झाडांच्या बुंध्याशी टाकायला लागले. सगळं उपसायचं, मग नवं भरू द्यायचं. "सांजेक गवे येतले," म्हणाले, "पाडकां आसात तांकां." पाडकां म्हणजे वासरं.

मी काही बोलायच्या आत आत्या पदर खोचून खाली बसली होती. तिचं माहेर माणमधलं. १९७२च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती आणि रात्री आईबरोबर विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी गोळा करायची. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण पाझराशी तिचे हात कसे चालतात ते पहिल्यांदा पाहिलं. तिने फटीतला पालापाचोळा दोन बोटांनी अलगद काढला, धारेखाली एक चपटा दगड तिरपा लावला म्हणजे माती उसळू नये, आणि काकांना म्हणाली, "आता हात नका घालू. गाळ बसू द्या." काकांनी मान डोलावली.

मग नुसतं बसणं. पाणी भरायला तासाच्या वर लागला. खालच्या ओहोळाकडून शीळ कस्तूर मोठ्याने शीळ घालत होता. म्हादईच्या पाण्यासाठी गोवा आणि कर्नाटक लवादापुढे वर्षानुवर्षं भांडले, २०१८ मध्ये निवाडा आला, तरी वाद मिटलेला नाही. मीही त्या विषयावर तावातावाने बोलत आले आहे. त्या तासाभरात मात्र तळ ओला होताना, मग दगडाची कड बुडताना मी टक लावून बघत होते. खेकडा कुठूनसा परत आला तेव्हा आत्याने माझ्या हातावर चापटी मारून तो दाखवला.

तोवर ऊन डोक्यावर आलं होतं आणि बेळगावच्या बाजूला वळवाचे ढग जमायला लागले होते. काका म्हणाले, आता माथा नको. मी आत्याकडे पाहिलं. "माथा कुठं पळून जातोय?" म्हणत ती उठलीसुद्धा.

परतल्यावर काका अर्धेच पैसे घ्यायला लागले, कारण माथा झाला नाही. आत्याने ठरलेले सगळे त्यांच्या हातात कोंबले आणि वर माझ्याकडून शंभर रुपये काढायला लावले. त्यांच्या घरी सोलकढी आणि उकड्या तांदळाचं जेवण झालं. तसं जेवण मला पणजीत कुणी पैसे मोजूनही वाढलेलं नाही.

सुर्लाला जाणार असाल तर गावातला वाटाड्या घ्या, चार-पाच जणांहून जास्त जाऊ नका आणि माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्या. झरा कुठे आहे ते विचारू नका. मी सांगणार नाही.