गर्दी ओसरल्यानंतर

पावसाळ्यातल्या काही दुपारी अप्रोच रडारवर, म्हणजे उतरायला येणाऱ्या विमानांना वाट देणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रणाच्या जागेवर, बसणाऱ्याला पाणी प्यायलाही सवड मिळत नाही. ही त्यातलीच एक. ढग नेमके धावपट्टीच्या तोंडाशी येऊन बसलेले. होल्डिंगमध्ये, उतरायच्या पाळीची वाट बघत, हजार-हजार फुटांच्या अंतराने विमानं एकावर एक घिरट्या घालत होती. दोघांनी गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता परत वर गेले, काही दुसऱ्या विमानतळांकडे वळली, एकाने ‘मिनिमम फ्युएल’ कळवलं. मिनिमम फ्युएल ही आणीबाणी नव्हे. आणखी उशीर झाला तर शेवटच्या राखीव इंधनाला हात लागू शकतो, एवढी ती सूचना. ‘मेडे फ्युएल’ आलं की मात्र ते विमान सगळ्यांच्या आधी.

रडारवर आमचा एक तरुण सहकारी होता. मी शेजारी समन्वय सांभाळणाऱ्या प्लॅनरच्या खुर्चीत, एक फोन टॉवरला, एक एरिया कंट्रोलला. पोरगा सुरेख काम करत होता. आवाज एका पट्टीत, वाक्य आखूड, रीडबॅक, म्हणजे वैमानिक आपली सूचना परत म्हणून दाखवतो तो, पुरा ऐकल्याशिवाय पुढच्या विमानाला हाक नाही.

मग पाऊस उघडला. भराभर बहुतेक उतरली, स्क्रीनवर मोजकी लेबलं उरली. वर्दळ कमी झाली म्हणून डब्ल्यूएसओंनी, म्हणजे पाळीच्या पर्यवेक्षकांनी, दोन सेक्टर (आकाशाचे विभाग) एकत्र करून एकाच रडारवर दिले. पोराने पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

होल्डमध्ये एकाच कंपनीची दोन विमानं राहिली होती. ‘थ्री टू फाइव्ह’ लेव्हल ११० वर, म्हणजे साधारण अकरा हजार फुटांवर, आणि बरोबर त्याच्या डोक्यावर, १२० वर ‘थ्री फाइव्ह टू’. त्याने खालच्याला आठ हजारांवर उतरायला सांगितलं. रीडबॅक आला, आकडे बरोबर, पण शेवटचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, वरच्या विमानाचा. पोराने मान डोलावली आणि नजर दुसरीकडे वळवली.

मी त्याचा दंड धरला. “अरे, फाइव्ह टू बोलला!”

त्याने तत्काळ माइक दाबला आणि थ्री फाइव्ह टूला लेव्हल १२० वरच थांबवलं. लेबलवर १२० चे ११९ झाले होते, ते परत १२० झाले. मग खालच्याला नव्याने परवानगी. एवढा शंभर फुटांचा फरक रडारच्या सहनसीमेतला, म्हणजे कागदावर अंतर मोडलंच नाही. तरी आमच्या पिढीला असल्या वेळी हरियाणातल्या चरखी दादरीवरची टक्कर आठवतेच. १२ नोव्हेंबर १९९६: कझाक विमानाला १५,००० फुटांची मर्यादा दिलेली, त्याच्या खाली १४,००० वर सौदीचं जंबो. कझाक विमान १५,००० च्या खाली आलं आणि ३४९ माणसं गेली.

ह्यूमन फॅक्टर्सच्या (माणूस कामात कसा चुकतो त्याच्या) वर्गात आम्हाला उलट्या यूचा आलेख दाखवतात: आडवा ताण, उभी कामाची प्रत. ताण अति झाला की काम बिघडतं, हे सगळ्यांना पटतं. प्रश्न विचारले जातात ते आलेखाच्या उजव्या उतारावर. डाव्या बाजूला, काम अचानक हलकं होतं तिथे, फारसं कुणी थांबत नाही. त्यात भर ‘एक्स्पेक्टेशन बायस’ची: ज्याला हाक मारली तोच उत्तर देणार असं कानाने आधीच ठरवलेलं असतं. गर्दीत तो हे चुकला नसता, याबद्दल मला शंका नाही.

डब्ल्यूएसओंनी त्याला लगेच पोझिशनवरून उठवलं. “मी ठीक आहे सर,” म्हणाला. हात खरंच स्थिर होते. पण कँटीनमध्ये चहा समोर ठेवून तो मला पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला: “मॅडम, मी टू फाइव्हलाच सांगितलं होतं ना? तुम्ही ऐकलंत ना?” क्रिटिकल इन्सिडेंट स्ट्रेस मॅनेजमेंटमध्ये याला असामान्य प्रसंगाची सामान्य प्रतिक्रिया म्हणतात, आणि अशा वेळी शेजारी याच कामातला माणूस हवा, असं सांगतात. ते मला शंभर टक्के पटतं. ताणमुक्तीच्या नावाखाली वर्षातून एकदा होणारं प्राणायामाचं सत्र वाईट नाही, पण त्या अर्ध्या तासात त्याला हवं होतं ते दुसरंच: रेडिओ-संभाषणाची टेप न ऐकताही ‘हो, टू फाइव्हलाच सांगितलंस’ म्हणू शकणारं कुणीतरी.

रिपोर्ट त्याने स्वतःच लिहिला. मी माझ्या जबाबात कॉलसाइनच्या साधर्म्याबरोबर सेक्टर कधी एकत्र झाले ती वेळही घातली. १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या युबरलिंगनवर दोन विमानं धडकून ७१ जण गेले, तेव्हा तिथलं आकाश सांभाळणाऱ्या झुरिकला एकटा कंट्रोलर दोन पोझिशन सांभाळत होता. तिथली परिस्थिती आमच्यापेक्षा कितीतरी बिकट होती, तरी सेक्टर एकत्र करण्याचा मुद्दा मला सोडायचा नव्हता. आता आमच्याकडे जोरदार गर्दीनंतर आधी रडारवरचा माणूस बदलतात, सेक्टर मागाहून एकत्र होतात. निदान दिवसपाळीला. रात्री बदलायला माणूसच नसतो, त्याचं पत्र मी वेगळं दिलंय.