आमची वाटचाल : सातव्या दिवसाची गोष्ट

इचलकरंजीत २००६ साली दोन खोल्यांत आम्ही कामाला सुरुवात केली, तेव्हा संगणक दुरुस्ती आणि सूत व्यापाऱ्यांच्या पेढ्यांमध्ये नेटवर्कची वायर ओढून देणे, एवढेच आमचे काम होते. त्याआधीच्या वर्षी, फेब्रुवारी २००५ मध्ये, डॉट इन नावांची नोंदणी सर्वांसाठी खुली झाली होती आणि पेढीच्या पाटीवर नाव असते तसे इंटरनेटवरही असावे, असे आमच्या ग्राहकांना वाटू लागले होते. दोन जुने संगणक घेऊन त्यांवर लिनक्स आणि बाइंड हा नेमसर्व्हरचा प्रोग्रॅम टाकला आणि ग्राहकांच्या नावांचा डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता सांगण्याची व्यवस्था, आपणच सांभाळायचा, असे मी आणि माझ्या मावसभावाने ठरवले. बाहेरचे पैसे वाचतील हा हिशेब बरोबर होता; मात्र त्या कामात आपले किती तास जातील, हे आम्ही मोजलेच नव्हते.

डोमेनसाठी, म्हणजे इंटरनेटवरच्या नावासाठी, पत्ता सांगणारे किमान दोन नेमसर्व्हर द्यावे लागतात. आम्ही दोन दिले खरे, पण दोन्ही एकाच टेबलावर, एकाच इन्व्हर्टरवर आणि एकाच कनेक्शनवर. ते भारनियमनाचे दिवस होते. इन्व्हर्टरने मान टाकली की ग्राहकाची वेबसाइट मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये सुरळीत चालू असूनही कोणालाच उघडत नसे, कारण तिचा पत्ता सांगणारे दोघेही एकदमच अंधारात गेलेले असत. अखेर दुसरा सर्व्हर आम्ही पुण्यात भाड्याच्या यंत्रावर नेला. दरमहा भाडे भरताना मावसभाऊ कुरकुर करीत असे.

आमच्या कामाची पद्धत खऱ्या अर्थाने बदलली ती २००९ च्या एका बिघाडामुळे. एके दिवशी दुपारी वीज गेली, इचलकरंजीचा सर्व्हर बंद पडला, आणि पुण्याचा चालू असल्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. तेवढ्यात एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. ते म्हणाले, “अहो, आमचं नाव माझ्या मोबाइलवर निघतंय, आणि कॉम्प्युटरवर म्हणतंय असं काही नाहीच. हे काय गौडबंगाल?” पाठोपाठ आणखी दोन ग्राहकांचे फोन आले. बाकी सर्वांची नावे पुण्याहून व्यवस्थित मिळत होती. अडचण फक्त तिघांची होती. मोबाइलवर नाव निघत होते ते मोबाइल कंपनीच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जुने उत्तर शिल्लक होते म्हणून, हे लवकर समजले. पण तिघेच का, हे कळायला रात्र झाली.

आठवडाभरापूर्वी आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलाने इचलकरंजीत नवीन फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची राखण करणारी यंत्रणा, बसवली होती आणि तीत डीएनएसचे ५३ क्रमांकाचे पोर्ट (दार) फक्त यूडीपीसाठी उघडले होते. यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती. रोजचे प्रश्न यूडीपीवरूनच येतात, त्यामुळे तपासणीत सर्व काही ठीक दिसले. दुय्यम सर्व्हर (आमचा पुण्याचा) मुख्य सर्व्हरला (इचलकरंजीच्या) ठरावीक वेळाने झोनचा, म्हणजे एका नावाच्या सगळ्या नोंदींच्या फाइलचा, सिरियल नंबर विचारतो, तोही यूडीपीवरून; नोंदी बदलल्या की हा नंबर वाढवायचा असतो. आणि नंबर बदललेला नसेल तर आपल्याकडची प्रत ताजी आहे, असे समजून स्वस्थ राहतो. नंबर वाढलेला दिसला तर मात्र संपूर्ण झोन मागवण्यासाठी त्याला टीसीपी लागते. फायरवॉल बसवली त्याच दिवशी आम्ही तीन ग्राहकांच्या झोनमध्ये मेलसाठी एसपीएफची (त्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात, हे सांगणारी) नोंद घातली होती. पुण्याच्या सर्व्हरला वाढलेला नंबर दिसत होता, झोन मिळत नव्हता, आणि तो बिचारा जुनी प्रत वाटत बसला होता. झोनमधील एक्स्पायरची मुदत, म्हणजे मुख्य सर्व्हरकडून प्रत ताजी करता आली नाही तर दुय्यमने जुनी प्रत किती दिवस वापरायची ती, आम्ही सात दिवसांची ठेवली होती. सात दिवस संपले, पुण्याने त्या तीन नावांवर सर्व्हफेल, म्हणजे ‘उत्तर देता येत नाही’, असे सांगायला सुरुवात केली, पण इचलकरंजीचा सर्व्हर उत्तर देत होता तोपर्यंत कोणाला काही जाणवले नाही. वीज गेली आणि आठवडाभर जुनी चूक उघडी पडली.

दुसऱ्या दिवशी बाजारातून लांब पानांची एक हिशेबाची वही आणली. फायरवॉल, राऊटर, झोन फाइल, काहीही बदलले की तारीख, वेळ, जुनी नोंद, नवी नोंद आणि सही. तक्रार आली की सर्व्हरला हात लावण्याआधी वहीची मागची पंधरा दिवसांची पाने वाचायची. मुले हसत, पण झोन फाइलमध्ये पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यायचे राहिल्याने डोमेन दोनदा जोडले जाणे, किंवा फाइल बदलून सिरियल वाढवायला विसरणे, असे निम्मे बिघाड या वहीतच सापडत.

एकदा वहीसुद्धा चुकीचीच होती. सिरियल आम्ही वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसाचा बदल क्रमांक असा लिहितो. २०१५ मध्ये एका मुलाने २०१५०६१२०१ ऐवजी २०५१०६१२०१ असा सिरियल टाकला आणि वहीतही तसाच उतरवला. पुण्याने तो स्वीकारला, आणि नंतरचा प्रत्येक खरा नंबर त्याला जुना वाटू लागला. मूळ आकडा परत टाकून हे सुटत नाही. सिरियल ३२ बिटांचा असतो आणि त्याची मोजणी चक्राकार चालते (सर्वांत मोठ्या आकड्यानंतर पुन्हा शून्य), म्हणून चुकलेल्या आकड्यात २१४७४८३६४७ मिळवले, पुण्याने ४१९८५४४८४८ उचलल्याची खात्री केली, आणि मगच बरोबर तारखेचा नंबर टाकला. झोन फाइल तपासणाऱ्या नेम्ड-चेकझोन या प्रोग्रॅमनेही हे पकडले नसते, कारण लिहिण्यात काही चूक नव्हती. चूक फक्त शतकातल्या वर्षाची होती.

मध्यंतरी एक वेगळाच फटका बसला. आमचा सर्व्हर जगातल्या कोणाच्याही वतीने शोध घेऊन उत्तर देत असे. चांगुलपणा म्हणा किंवा अज्ञान. खोट्या पत्त्यावरून आलेल्या लहानशा प्रश्नांना तो कित्येक पट मोठी उत्तरे तिसऱ्याच कोणावर ओतू लागला आणि आमची लाइन तुंबली. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या वतीने शोध घेण्याचे हे काम (रिकर्शन) फक्त आमच्या व ग्राहकांच्या नेटवर्कपुरते मर्यादित ठेवले आणि त्यासाठी यंत्रही वेगळे केले.

फोनवर आता आमची मुले पहिला प्रश्न विचारतात तो “नेमके काय उत्तर येते?” हा. नाव अस्तित्वात नाही, असे येत असेल तर नोंदीत किंवा नूतनीकरणात शोधायचे. सर्व्हफेल असेल तर झोन किंवा डीएनएससेकच्या सह्या (उत्तर अस्सल असल्याची डिजिटल खूण) पाहायच्या. काहीच येत नसेल तर वाटेत फायरवॉल. नवी नोंद घालण्याआधीच नाव उघडून पाहणाऱ्या उतावळ्या ग्राहकांचा मात्र वेगळा वर्ग आहे. ‘नाही’ हे उत्तरही कॅशमध्ये राहते, त्यामुळे त्यांना थोडा वेळ थांबायला सांगावे लागते आणि ते थांबत नाहीत.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, महामार्ग बंद झाला आणि आमच्या ऑफिसची वीज सहा दिवस नव्हती. एक्स्पायरची मुदत आम्ही २००९ नंतरच चार आठवड्यांची केली होती. पुण्याचा सर्व्हर सहाही दिवस एकटा उत्तरे देत राहिला. त्या आठवड्यात ग्राहकांचे जे फोन आले ते घरी सगळे सुखरूप आहेत ना, हे विचारायला. डीएनएसची तक्रार एकही नव्हती. वीज आल्यावर मावसभावाने वहीत लिहिले, “मुख्य सर्व्हर सहा दिवस बंद. बदल काही नाही,” आणि खाली सही केली. पुण्याच्या भाड्याबद्दल तो त्यानंतर काही बोललेला नाही.