एका पत्त्यावर तीन भाषा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवणाऱ्या माझ्या मावसभावाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत वेबसाइट हवी होती. ती करताना माझा सर्वांत जास्त वेळ प्रत्येक भाषेला कोणता पत्ता द्यायचा, हे ठरवण्यात गेला. गिऱ्हाइकांनी एकमेकांना पाठवलेले आणि गूगलने नोंदवून ठेवलेले पत्ते मागाहून बदलायचे झाले, तर प्रत्येक जुन्या पानावरून नव्या पानाकडे कायमचे रिडायरेक्ट, म्हणजे वाचकाला आपोआप वळवण्याची सोय, लावावे लागते. म्हणून हा निर्णय आधीच व्हायला हवा.

प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र डोमेन, म्हणजे साइटचे मूळ नाव, घ्यावे, असे आम्हाला एकाने सुचवले होते. परंतु डॉट इन हा शेवट देश सांगतो, भाषा सांगत नाही. तासगावचा शेतकरी आणि अथणीचा व्यापारी एकाच देशात राहतात, त्यामुळे देशाच्या डोमेनने आमच्या दोन मुख्य वाचकवर्गांत काहीच फरक होणार नव्हता. दुसरा पर्याय सबडोमेनचा, म्हणजे डोमेनच्या आधी भाषेचा शब्द जोडून केलेल्या पत्त्याचा. त्याचा खरा उपयोग प्रत्येक भाषेची साइट वेगळ्या सर्व्हरवर किंवा वेगळ्या प्रणालीवर चालवायची असेल तेव्हा होतो, आणि आमची प्रणाली तर एकच होती. मावसभावाचे वडील ऐकत बसले होते. ते म्हणाले, “कर्नाटकातला माणूस याच पेढीवर येतो की, मग त्याला दुसरा दरवाजा कशाला?” माझेही मत तेच होते, आणि आम्ही एकाच डोमेनखाली तीन फोल्डर केले, म्हणजे पत्त्यात डोमेननंतरच्या तिरप्या रेघेपुढे भाषेचे नाव ठेवले. यामुळे होस्टिंग (साइट ठेवण्याची सर्व्हरवरची जागा), सुरक्षा प्रमाणपत्र आणि बॅकअप एकेकच राहिले, आणि बाहेरच्या साइट्सवरून मिळणाऱ्या सगळ्या लिंकांचे गूगलच्या लेखी असलेले वजनही एकाच नावावर जमू लागले.

फोल्डरांना नावे देताना माझी एक चूक होता होता राहिली. गाड्यांच्या नंबरप्लेटांच्या सवयीने मी मराठीसाठी ‘एमएच’ आणि कन्नडसाठी ‘केए’ लिहिले होते. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत मात्र ‘एमएच’ म्हणजे मार्शल बेटांची भाषा आणि ‘केए’ म्हणजे जॉर्जियन. मराठीचा संकेत ‘एमआर’ आणि कन्नडचा ‘केएन’ आहे. फोल्डरला कोणतेही नाव दिलेले चालते, पण गूगलला भाषा सांगणाऱ्या एचरेफलँग या खुणेत हेच संकेत अचूक लागतात. शिवाय प्रत्येक पानाने स्वतःकडे आणि आपल्या इतर दोन्ही रूपांकडे बोट दाखवावे लागते. मराठी पान कन्नड पानाचा उल्लेख करते आणि कन्नड पान उलट उल्लेख करत नाही, अशी स्थिती असेल तर ती खूण धरली जात नाही. पानाच्या कोडमधल्या सर्वांत बाहेरच्या खुणेत भाषा म्हणून ‘एमआर’ नोंदवण्याचा आणखी एक लाभ मला फार मोलाचा वाटतो: ज्या फॉन्टमध्ये तशी सोय असते, तिथे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात.

पत्त्यात देवनागरी शब्द ठेवण्याचा मोह मी टाळला. ‘हळद’ हा तीन अक्षरांचा शब्द काही ठिकाणी चिकटवला की टक्केचिन्हांनी भरलेला सत्तावीस चिन्हांचा होतो, आणि तो पाहून गिऱ्हाईक लिंक उघडायला कचरते. २०१४ पासून मिळणारे, देवनागरीत लिहिले जाणारे डॉट भारत डोमेन मला मनापासून आवडते, पण अनेक ऑनलाइन फॉर्म ते अजून स्वीकारत नाहीत, म्हणून ते मुख्य डोमेनकडे वळवून ठेवणेच बरे.

वाचकाचे ठिकाण ओळखून आपोआप भाषा बदलण्याची सोय मी ठेवली नाही. सांगलीतल्या मोबाइलचे ठिकाण पुष्कळदा पुणे किंवा मुंबई दिसते, आणि साइटची पाने वाचून नोंदवणारा गूगलचा प्रोग्राम बहुतेक वेळा अमेरिकेतून येत असल्याने त्याला फक्त इंग्रजी पाने सापडली असती. त्याऐवजी प्रत्येक पानाच्या माथ्यावर भाषांची नावे त्या त्या लिपीत दिली आहेत.

होस्टिंगचा विचार लवकर आटोपला. वाचक इथलेच असल्यामुळे मुंबईतील सर्व्हर घेतला. एवढ्या पानांना साधे शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक साइट्सनी मिळून वापरलेला एकच सर्व्हर, पुरते. डोमेनची नोंदणी मात्र मावसभावाच्या स्वतःच्या नावावर आणि ईमेलवर केली, कारण त्याचे पूर्वीचे डोमेन ते करून देणाऱ्याच्या नावावर होते आणि संपर्क तुटल्यावर ते हातचे गेले. बॅकअपची एक प्रत दुकानात आणि दुसरी दूरच्या सर्व्हरवर असते. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या पेठांत पाणी शिरलेले आम्ही पाहिले आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रतीबद्दल त्याला काही समजावून सांगावे लागले नाही.